विंचवाचं बिऱ्हाड डब्यात

घरी डब्यात काळा विंचू पाळायचा असेल तर त्याचं पिल्लू रंगावरून ओळखायला जाऊ नये. 'काळ्याचं आहे' म्हणून हातात ठेवलेला दोन सेंटिमीटरचा फिकट जीव खरोखर काळ्या विंचवाचा असू शकतो, तसाच आपल्या कोकणातल्या लाल विंचवाचाही. लहानपणी दोघंही मळकट, फिकट. पण काळ्याला ओल हवी, लाल ओलीत बुरशी धरून मरतो. काळ्याचा डंख सहसा दुखून थांबतो, लालचा जिवावर बेतू शकतो. म्हणून डब्याची खरेदी नंतर, आधी ओळख.

सपाट तळाची पारदर्शक डबी घ्या. पिल्लू आत, झाकण बंद, आणि खालून मोबाईलने फोटो. वीस-पंचवीस फोटोंत एखादा धड येतो. मॅक्रो क्लिप, म्हणजे मोबाईलला लावायचं भिंग, लावली तर लवकर. पायांच्या शेवटच्या जोड्यांमध्ये छातीची इवलीशी पाटी दिसते. ती त्रिकोणी असेल तर लाल विंचवाचं कुळ, पंचकोनी असेल तर ते नाही. पाटीच्या मागे दोन्ही बाजूंना फण्या असतात. पिल्लाने कितीही वेळा कात टाकली तरी फणीच्या दातांची संख्या तीच राहते, म्हणून रंगापेक्षा हा पुरावा पक्का. लालच्या फणीला तिसाच्या आसपास बारीक, दाट दात. काळ्याच्या फणीला बरेच कमी आणि ठसठशीत. वरून पाहताना चिमटे बारीक आणि शेपूट जाड म्हणजे लालकडचा. चिमटे फुगीर आणि शेपूट सडपातळ म्हणजे काळ्याकडचा.

त्रिकोणी पाटीवाला प्रत्येक विंचू जीवघेणा नसतो, पण घरात तो हिशेब करत बसू नये. लाल विंचू फ्लॅटमध्ये ठेवायची गोष्टच नाही, पिल्लू असलं तरी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला तो याच विंचवाच्या डंखावर. न ओळखलेल्या विंचवाने डंख मारला आणि घाम फुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या तर थेट हॉस्पिटल गाठायचं.

ठाण्याजवळच्या येऊरहून विंचू उचलून आणू नका. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून विंचू नेणं गुन्हा. कोणी आफ्रिकेचा एम्परर विंचू देत असेल तर कागद आधी मागा, कारण तो साइटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे.

आता वय. पांढरं, मऊ, आईच्या पाठीवर बसलेलं पिल्लू तिथून काढायचं नाही. ते अजून खात नाही, साठलेल्या पोषणावर जगतं. बिऱ्हाड पाठीवर असतं ते या दिवसांपुरतंच. पहिली कात टाकून पिल्लं आपणहून खाली उतरली की मग वेगळी करायची, आणि प्रत्येकाला स्वतंत्र डबा. एकत्र ठेवलेली भावंडं एकमेकांना खातात, तेही बहुधा एखाद्याने नुकती कात टाकलेली असताना.

काळ्याच्या पिल्लाला १० × १० सेंटिमीटरचा, ८ सेंटिमीटर उंच, झाकण घट्ट बसणारा डबा पुरतो. मोठ्या डब्यात पिल्लाला भक्ष्य सापडत नाही आणि तुम्हाला पिल्लू. समोरासमोरच्या दोन भिंतींना तापलेल्या सुईने १ मिलिमीटरची पंधरा-वीस भोकं पाडा, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा वाहते. भोकं फक्त झाकणाला असली की तळाची हवा कोंडते.

आत ४ ते ५ सेंटिमीटर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांत त्याची दाबलेली वीट मिळते, पण त्यात क्षार असतात. दोन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या. तीन भाग कोकोपीट आणि एक भाग चाळलेली लाल माती मिसळली की बीळ ढासळत नाही. ओल कशी बघायची? मूठ आवळली की गोळा टिकला पाहिजे, पण बोटांतून थेंब गळता कामा नये. वर करवंटीचा तुकडा पालथा टाका, एक कड मातीत दाबून. पाण्याला बाटलीचं झाकण, त्यात खडे. विंचू पोटाकडच्या फटींतून श्वास घेतो, म्हणून पिल्लाला तेवढं पाणीही बुडवू शकतं.

तयार डबा स्वयंपाकाच्या काट्यावर तोला आणि वजन चिकटपट्टीवर लिहून ठेवा. २० ग्रॅम घटलं की २० मिलिलिटर पाणी एका कोपऱ्यात सोडा, फवारा नको. ठाण्याच्या जुलैत पंधरा-पंधरा दिवस काट्यावर फारसा फरक पडत नाही. तेव्हा पाणी घालायचंच नाही. याउलट मे महिन्यात एसीच्या खोलीत डबा भराभर सुकतो. हीटिंग पॅड इथे विकत घेणं म्हणजे पैसे फुकट. २५ ते ३० अंश आपली हवाच देते.

पावसाळ्यात बरीच मरतुक भक्ष्याच्या उरलेल्या तुकड्यांमुळे होते. त्यावर बुरशी येते, मग माइट्स नावाचे बारीक जीव. उरलेलं दुसऱ्या दिवशी लांब चिमट्याने काढाच. आठवड्यातून एकदा एक लहान रातकिडा, पिल्लाच्या धडाच्या निम्म्या आकाराचा. मीलवर्म (भुंग्याची अळी) द्यायचा तर डोकं ठेचून, नाहीतर तो मातीत शिरतो आणि कात टाकून मऊ पडलेल्या पिल्लाला कुरतडतो. घरातलं झुरळ मात्र कधीच नको. सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलचं विष त्याच्या पोटात असू शकतं. डासांचं लिक्विड लावलेल्या खोलीतही डबा ठेवू नका, ते औषध किड्यांसाठीच बनवलेलं असतं आणि विंचवालाही सोडत नाही. पालिकेची धूरफवारणी आली की खिडक्या बंद.

पिल्लू फुगलं, निस्तेज झालं आणि खाणं सोडलं तर ते बहुधा आजारी नसतं. कात टाकायच्या बेतात असतं. डबा हलवू नका, ओल सुकू देऊ नका. ओल कमी पडली की जुनी कात पायांत अडकते आणि ओढून काढायला गेलात तर पाय तुटतो. रात्री अतिनील टॉर्च मारून पाहा. टाकलेली कात हिरवट-निळी चमकते आणि शेजारचं पिल्लू चमकत नाही, म्हणजे त्याची नवी कातडी अजून कच्ची आहे. ते पूर्ण चमकू लागल्यावरही दोन-तीन दिवस थांबून मगच रातकिडा टाका.