तुम्ही विचारलंत म्हणून: शिशाचं सोल्डर अजून का वापरता?

माझ्या टेबलावर सोल्डरची, म्हणजे कार्डावरचे पार्ट जोडायला वितळवतात त्या डाख-धातूच्या तारेची, दोन वेगळी रिळं असतात. ती दिसली की गिऱ्हाईक हमखास विचारतं, "आता सगळं लेड-फ्री, म्हणजे बिनशिशाचं, झालं ना? मग हे शिशाचं कशाला?" कारखान्यातल्या मशीनची कंट्रोल कार्डं, म्हणजे मशीन चालवणारे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, दुरुस्त करणं हे माझं काम. तेव्हा एकदा सविस्तरच सांगतो.

शिसं विषारी आहे, त्यात वाद नाही. लहान मुलांच्या मेंदूला त्याने होणारी इजा भरून येत नाही. भंगारातली कार्डं जाळली की तेच शिसं माती-पाण्यात उतरतं. म्हणून युरोपने १ जुलै २००६ पासून नव्या इलेक्ट्रॉनिक मालात शिशाची मर्यादा ०.१ टक्क्यावर आणली. आपल्याकडेही ई-कचरा नियमांतून मे २०१४ पासून तीच मर्यादा आली. दोन-चार वर्षांत बदलल्या जाणाऱ्या मोबाइलसाठी हे योग्यच झालं. पण वीस-पंचवीस वर्षं चालवायच्या मशीनचा हिशेब निराळा असतो.

६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर बरोबर १८३ अंशांना वितळतं आणि त्याच तापमानाला घट्ट होतं. लेड-फ्रीमध्ये साधारण ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं, आणि ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. कागदावर ३४ अंश म्हणजे काहीच नाही. पण चार-सहा थरांच्या कार्डावरचा कनेक्टर काढायला बसा. कार्डातला अर्थिंगचा तांब्याचा थर उष्णता ओढून घेत राहतो, पिन सुटत नाही, तुम्ही बिट (सोल्डरिंग आयर्नचं तापलेलं टोक) आणखी दाबून धरता आणि पिनबरोबर ती जिथे जोडलेली असते ते तांब्याचं पॅडच उखडून येतं. जास्त कथलामुळे बिटवरचा लोखंडाचा मुलामाही लवकर खाल्ला जातो. शिवाय चांगला लेड-फ्री जोडही मळकट, दाणेदार दिसतो. जुन्या सवयीच्या नजरेला तो ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, वाटतो आणि चांगले जोड उगाच पुन्हा तापवले जातात. मात्र रोजच्या साध्या गरम-थंड होण्यात हा जोड शिशाच्या जोडापेक्षा कमी टिकतो असं नाही, बऱ्याचदा जास्तच टिकतो. हा जोड ताठ असल्यामुळे धक्का बसला, कार्ड पडलं, तर मात्र तडकतो.

एवढ्यावर सवयीने, चांगल्या सोल्डरिंग स्टेशनने (तापमान राखणाऱ्या आयर्नने) मात करता येते. माझी खरी चिंता पार्टच्या पायांवरच्या मुलाम्याची आहे.

पितळेच्या भांड्याला कल्हई असते तसा आयसीच्या (चिपच्या), कनेक्टरच्या पायांवर कथलाचा थर असतो. पूर्वी त्यात थोडं शिसं असे. आता बहुतेक ठिकाणी निव्वळ कथील असतं. खालचं तांबं आणि वरचं कथील यांचं हळूहळू संयुग बनत जातं, थरात दाब साठतो आणि तो मोकळा व्हायला कथलाचे तंतू बाहेर फुटतात. यालाच टिन व्हिस्कर म्हणतात. त्याला करंट लागत नाही, ओल लागत नाही. जाडी एक ते पाच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लांबी बहुधा मिलिमीटरच्या आत, पण दोन बारीक पाय जोडायला तेवढी पुष्कळ. मायक्रोस्कोपखाली कार्ड तिरकं धरून बाजूने उजेड टाकला तरच तो चमकतो. ब्लोअर मारला की तुटून उडून जातो, कार्ड चालू होतं, रिपोर्टवर 'दोष आढळला नाही' असं लिहून ते परत जातं आणि महिन्यांनी तेच कार्ड पुन्हा टेबलावर येतं. म्हणून बंद पडलेलं कार्ड आणताना हवा मारून स्वच्छ करून आणू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

हे २००६ नंतरचं खूळ नाही. १९५९ मध्येच बेल लॅब्जच्या संशोधनातून दिसलं होतं की कथलात थोडं शिसं मिसळलं की व्हिस्कर आटोक्यात राहतात. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांना एएफ ११७ ट्रान्झिस्टर ठाऊक असेल. त्याच्या धातूच्या टोपीत व्हिस्कर वाढतात आणि आतले पाय टोपीला शॉर्ट होतात. मे १९९८ मध्ये अमेरिकेवरचा गॅलेक्सी ४ उपग्रह हाताबाहेर गेला, बहुतांश पेजर एका रात्रीत मुके झाले. तपासात बोट व्हिस्करकडेच गेलं. एप्रिल २००५ मध्ये कनेक्टिकटमधल्या मिलस्टोन अणुवीज केंद्राची एक अणुभट्टी अचानक बंद पडली, तीही एका कार्डावरच्या व्हिस्करमुळे. लष्करी आणि अवकाशातल्या उपकरणांना युरोपच्या नियमातून वगळलं आहे. तिथे व्हिस्करच्या भीतीने कथलात निदान ३ टक्के शिसं असावं असा आग्रह धरला जातो. कारखान्याच्या प्रेसवर, म्हणजे दाबाच्या मशीनवर, माणसाचा हात असतो. तिथलं कार्डही तितक्याच काळजीने बनवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तर, मी काय करतो? २००६ पूर्वीच्या मशीनचं कार्ड शिशानेच जोडतो, युरोपच्या नियमातही अशा जुन्या मालाच्या दुरुस्तीला मुभा आहे. नवं किंवा निर्यातीचं कार्ड लेड-फ्रीनेच, आणि शेवटी वरून कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे कार्डावर पातळ संरक्षक लेप. त्याने व्हिस्कर थांबतातच असं नाही, पण एका पायावरचा तंतू दुसऱ्या पायाला सहसा भिडत नाही. पार्ट मागवताना कथलाखाली निकेलचा थर आहे का, हे डेटाशीटमध्ये बघतो.

"धुराने शिसं पोटात जात नाही का?" हाही प्रश्न येतो. बिटच्या तापमानाला शिशाची वाफ जवळपास होत नाही. धूर असतो तो फ्लक्समधल्या (सोल्डर नीट चिकटावं म्हणून वापरतात त्या पदार्थातल्या) राळेचा, त्याने दमा होऊ शकतो, म्हणून एक्झॉस्ट लागतोच. शिसं जातं ते हातावाटे. माझ्याकडे टेबलावर चहा चालत नाही आणि जेवणाआधी साबणाने हात धुतल्याशिवाय कुणी डबा उघडत नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. काही लेड-फ्री सोल्डरमध्ये बिस्मथ हा धातू असतो. त्यावर शिशाची तार लावली तर जोडात ९६ अंशांना वितळणारे कण तयार होऊ शकतात, म्हणजे गरम पॅनेलमध्ये जोड ढिला. म्हणून दुरुस्त केलेल्या प्रत्येक कार्डावर कुठलं सोल्डर वापरलंय त्याचं लेबल लावतो. दुसरीकडे दुरुस्त करून घ्याल तेव्हा तिथेही ते मागून घ्या.