ओव्याच्या तेलाची नोंद: स्फटिक वेगळे काढल्यानंतर

क्लेव्हेंजर उपकरणातून (पाण्याबरोबर उकळून सुगंधी तेल वेगळे करणारे काचेचे उपकरण) ओव्याचे तेल काढणे आता अंगवळणी पडले असल्याने या खेपेला त्या तेलाचे स्फटिक आणि उरलेले तेल असे दोन भाग करून पाहिले. दाणे ऊर्ध्वपातनाच्या अगदी आधी भरड कुटले, कारण कुटून ठेवलेल्या ओव्यातले तेल उडून जाते. चांगल्या ओव्यात साधारण २ ते ४ टक्के तेल असते आणि त्यात थायमॉल, गॅमा-टर्पिनीन व पॅरा-सायमीन हे तीन मुख्य घटक. खाली उरलेले पाणी मी फेकत नाही. थायमॉल पाण्यात थोडेसे विरघळते, म्हणून तेच पाणी पुढच्या घाण्याला वापरतो.

तेल फ्रिजमध्ये गार करून त्यात थायमॉलचा एक कण सोडला. कणाभोवती आधी पातळ, पारदर्शक पापुद्रे धरले आणि मग ते तळापर्यंत पसरत गेले. हेच आपले ओव्याचे फूल, जे कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर ठेवले की पाझरून अमृतधारा होते. स्फटिक गाळून घेतल्यावर उरलेल्या तेलाचा वास पुष्कळ सौम्य, काहीसा टर्पेंटाइनकडे झुकणारा येतो.

या दोन भागांपैकी सूक्ष्मजीवांना कोणता जास्त रोखतो हे पाहायचे होते. घरात जीवाणू वाढवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून परीक्षा पावावरच्या बुरशीवर घेतली. बंद बरण्यांमध्ये ओलसर पावाचे तुकडे ठेवून झाकणाच्या आत कापसावर एकीत स्फटिक, दुसरीत तेवढ्याच वजनाचे उरलेले तेल ठेवले. तिसरीत नुसता कापूस होता. तिसरी बरणी सर्वांत आधी हिरवी पडली, त्यामागून उरलेल्या तेलाची. स्फटिकांची मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहिली. बरण्या न उघडताच टाकून दिल्या.

थायमॉल हे फिनॉल, म्हणजे कार्बोलिक आम्लाच्या वर्गातले रसायन आहे. ते सूक्ष्मजीवाच्या पेशीपटलात शिरून ते गळके करते. जीवाणूंच्या ग्रॅम-ऋण नावाच्या गटाला बाहेरचे आणखी एक पटल असल्याने ते, विशेषतः त्यातले स्यूडोमोनास, बरेच तग धरतात. तरीही बाकीच्या तेलाला निकामी ठरवण्याची घाई मी करणार नाही. पॅरा-सायमीन स्वतः दुबळे असले तरी पटल फुगवते, आणि थायमॉलच्या जवळच्या कार्व्हाक्रॉलला त्यामुळे आत शिरणे सोपे जाते, हे प्रयोगांत दिसलेले आहे. पुढच्या खेपेस उरलेले तेल सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुऊन त्यातले थायमॉल शक्य तितके काढीन आणि मग चौथी बरणी मांडीन.