ताकदीची गोळी

सर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या कागदावर ‘औषधं : फक्त बीपीची’ असं लिहिलं गेलं. ते अक्षर माझंच, म्हणून आधीच सांगून टाकते.

हिमोग्लोबिन 7.4, पांढऱ्या पेशीही कमी. चार महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही आकडा हलेना. बी-12 ठीक. डॉक्टर बोन मॅरो, म्हणजे जिथे रक्त बनतं तो हाडातला मगज, सुई घालून तपासायच्या विचारात होते. त्याआधी आहार एकदा नीट बघा म्हणून पुन्हा माझ्याकडे धाडलं. आहारात खोट काढावी तर कुठे? बाजरीची भाकरी, मटकी, तिळाची चटणी, रविवारी मटण.

उठता उठता काकू म्हणाल्या, “मॅडम, यांची चप्पल वाटेत पायातून निसटते आणि यांना पत्ताच नसतो. परवा बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि धाडकन पडले.”

मी दोघांना परत बसवलं. “सर, औषध नसेल, पण रोज पोटात काय काय जातं? चूर्ण, टॉनिक, काहीही.”

काकूंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या गोळ्या, 50 मिलिग्रॅमच्या. 2021 मध्ये कोरोनात पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेल्या. सरांनी अडीच वर्षं चालवलेल्या.

“ते कसलं औषध? ताकदीची गोळी ती!”

पुरुषाला दिवसाला 17 मिलिग्रॅम जस्त पुरतं, आणि ते त्यांच्या ताटातून बऱ्यापैकी मिळतच होतं. वरून रोज एवढं गेलं की आतड्याच्या पेशी एक प्रथिन जास्त बनवू लागतात. ते जस्तापेक्षा तांब्याला घट्ट धरतं. काही दिवसांत पेशी गळतात, त्यांच्यासोबत तांबंही शौचावाटे जातं. तांब्यावाचून रक्त नीट बनत नाही, मज्जातंतूही खराब होतात.

सरांना हे काही केल्या पटेना. “अहो, मी तांब्याच्या तांब्यातलं पाणी पितो रोज!”

रक्तातलं तांबं तपासायला मुंबईला पाठवलं. आठवड्याने रिपोर्ट आला: जवळजवळ नाहीच. जस्त बंद, डॉक्टरांनी तांबं सुरू केलं. तिसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन 12 वर गेलं, मॅरोची सुई टळली. पायांचा बधिरपणा मात्र निम्माच उतरला.

आता सर मागे पट्टा असलेली सँडल घालतात. आणि मी औषधं विचारत नाही, डबा आणायला सांगते.