निविदा निघण्याआधी आम्हाला विचारा

लहानपणी पोलिओ झाल्यापासून माझ्या पायात कॅलिपर आणि काखेत कुबडी आहे. नाशिकमधील दिव्यांगांच्या तपासणी आणि साहित्यवाटप शिबिरांच्या रांगांत मी अनेक वर्षे बसत आले आहे, त्यामुळे सेवा देणाऱ्यांच्या मनात काय असते आणि घेणाऱ्याच्या पदरात काय पडते, यांतले अंतर मला जवळून ठाऊक आहे.

काही वर्षांपूर्वी शहरातल्याच एका शिबिरात नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जात होती. माझ्या शेजारची कर्णबधिर तरुणी सकाळपासून बसून होती. तिचे नाव दोनदा पुकारून झाले होते, हे दुपारी तिच्या भावाने चौकशी केल्यावर कळले. पेठ आणि सुरगाण्याकडून आलेली माणसे तीन वाजल्यापासून अस्वस्थ झाली होती, कारण शेवटची एसटी चुकली तर रात्र कुठे काढायची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आयोजकांनी जेवणाचीसुद्धा सोय केली होती; त्यांच्या हेतूबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मात्र ज्याला ऐकू येत नाही किंवा ज्याला त्याच दिवशी सुरगाण्याला परतायचे आहे, असे कोणीही शिबिराची आखणी करताना तिथे नव्हते.

पुढच्या खेपेस एका संस्थेने शिबिराच्या महिनाभर आधी आम्हा सहा जणांना बोलावले. त्या बैठकीत मी मोठ्या आत्मविश्वासाने सुचवले की, नावे पुकारण्याऐवजी टोकन क्रमांक फलकावर दाखवावेत. त्यावर एका अंध गृहस्थांनी शांतपणे विचारले, "मग मला कसे कळणार, ताई?" तो प्रश्न मी विसरलेले नाही. मी शहरात राहते, मला बोलता येते, म्हणून ‘दिव्यांगांचे मत’ घ्यायचे झाले की वर्षानुवर्षे मलाच बोलावले जात होते आणि माझे मत सगळ्यांचे मत म्हणून नोंदले जात होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार दिले आहेत. कुबडी घेऊन चालणाऱ्या एका बाईला त्या सर्वांच्या वतीने बोलता येणे शक्यच नाही.

शेवटी क्रमांक फलकावर दाखवायचा आणि पुकारायचाही, असे ठरले. दूरच्या तालुक्यांतील लोकांची तपासणी सकाळी आधी करायची, सांकेतिक भाषेचा दुभाषी दिवसभर ठेवायचा, आणि तीनचाकी सायकलीसाठी नाव नोंदवताना घराच्या दाराची आणि गल्लीची रुंदीही विचारायची, हेही तिथेच ठरले. शेवटची सूचना एका शेतमजुराची होती. त्याला पूर्वी मिळालेली सायकल दारातून आत जात नसल्यामुळे दोन पावसाळे अंगणात गंजून गेली होती. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या एका मुलाच्या आईशीच सगळे बोलत होते. मग कोणीतरी चित्रे दाखवून त्या मुलालाच विचारले, तेव्हा त्याने गर्दीच्या चित्रावर हात ठेवून मान हलवली. त्यामुळे शांत बसण्यासाठी एक वेगळी खोली मिळाली.

या साऱ्यात मोठा खर्च होता तो दुभाष्याच्या मानधनाचा. खरे तर आम्हा सहा जणांनाही प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची भरपाई मिळायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. मला निवृत्तिवेतन मिळते. त्या शेतमजुराची दोन दिवसांची मजुरी बुडाली.

असे विचारणे म्हणजे कोणाच्या सौजन्याचा भाग नव्हे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या ज्या कराराला भारताने 2007 मध्ये मान्यता दिली, त्याच्या अनुच्छेद 4 मध्येच दिव्यांगांशी संबंधित निर्णय घेताना त्यांच्याशी सल्लामसलत करण्याचे आणि त्यांना सहभागी करून घेण्याचे बंधन आहे. 2016 च्या अधिनियमाचे कलम 48 योजनांचे सामाजिक अंकेक्षण, म्हणजे त्या योजना दिव्यांगांच्या गरजांना धरून आहेत की नाहीत याची तपासणी, करायला सांगते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. तो कशावर खर्च व्हावा, हे ठरवतानाही ज्यांच्यासाठी तो आहे त्यांना बोलवावे.

मला सध्या काळजी आहे ती 2027 च्या सिंहस्थाची. रामकुंडाकडे उतरणाऱ्या पायऱ्या माझ्या चांगल्याच ओळखीच्या आहेत. उताराचे प्रमाण 1:12 असावे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी, हे नकाशात लिहिता येते; पण ओल्या दगडावर कुबडी कुठे घसरते, कठडा कोणत्या वळणावर संपतो आणि चाकाच्या खुर्चीतील माणसाला गर्दीत कोणत्या बाजूने परत फिरता येते, हे तिथे जाऊन पाहणाऱ्या दिव्यांग माणसालाच सांगता येईल. काँक्रीट ओतल्यानंतर आम्हाला पाहणीसाठी बोलावून काय उपयोग?

आमच्या दुसऱ्या बैठकीत सुरगाण्याहून आलेल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला होता: "मागच्या वेळी सांगितलेल्याचे काय झाले?" तेव्हापासून ती संस्था दाराशी एक कागद लावते. कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाही आणि का नाही, हे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते, आणि ज्यांना ते वाचता येत नाही त्यांना कार्यकर्ते वाचून दाखवतात.