ब्रेकची वायर बदलून मिळेपर्यंत

सायकलचा ब्रेक घट्ट करणे आणि ब्रेक दुरुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एका दुकानाला पटवून देण्यात माझा यंदाचा चवथीचा (गणेशचतुर्थीचा) महिना गेला आणि त्याची चीड अजून ओसरलेली नाही.

मी गोव्यात फर्मागुडीहून म्हार्दोळ, मंगेशीमार्गे कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत सायकलने कामाला जातो. वाटेत उतार आहे आणि पावसाळ्यात तो सदैव ओला असतो. हवा, चाकांचे नट, साखळी आणि हॅण्डल यांची तपासणी मी रविवारी घरीच करतो. यंदा पावसाच्या ऐन भरात पुढच्या व्ही-ब्रेकचा (दोन दांड्यांनी रिमवर दोन्ही बाजूंनी रबर दाबणाऱ्या ब्रेकचा) लिव्हर जड झाला आणि सोडल्यानंतरही रबर रिमला घासत राहू लागले. ब्रेक लावताना शरीराचा भार पुढे येतो, त्यामुळे सायकल थांबवण्याचे मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो. म्हणूनच मी ती लगेच दुकानात नेली.

तेथे मेकॅनिकने लिव्हरजवळचा गोल स्क्रू फिरवून वायर ताणली, ब्रेक लागतो असे दाखवले आणि पैसे घेतले. काही दिवसांनी पुन्हा तीच तक्रार झाली, तेव्हा पुन्हा तोच स्क्रू फिरवला गेला. वायर आतल्या आत अडकत असेल, तर ती ताणल्याने रबर रिमच्या आणखी जवळ येते आणि घासणे वाढते, एवढा साधा विचार कोणी केला नाही. पुढे स्प्रिंग गेली आहे असे सांगण्यात आले, आणि त्यानंतर संपूर्ण ब्रेकच बदलावा लागेल असे.

अखेर मी तेथेच वायरची वाकडी धातूची नळी ब्रेकच्या दांड्यातून सोडवली. दोन्ही दांडे क्षणात बाजूला झाले, म्हणजे स्प्रिंग ठणठणीत होती. आतली वायर मात्र हाताने ओढूनही आऊटरमधून, म्हणजे बाहेरच्या आवरणातून, नीट सरकेना. पावसाचे पाणी आणि जांभ्याची बारीक लाल माती आत शिरून ती गंजली होती. ब्रेक जड लागला तर दुकानात जाण्याआधी ही परीक्षा प्रत्येकाने घरी करावी. तिला एकही हत्यार लागत नाही.

दोष मान्य झाला, तर आता आऊटर शिल्लक नव्हते. गिअरचे आऊटर बसवून देतो असे म्हणाले, त्याला मी ठाम नकार दिला. ब्रेकच्या आऊटरमध्ये पोलादी पट्टीची वेटोळी असतात, तर गिअरच्या आऊटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात आणि जोराने ब्रेक दाबल्यास प्लास्टिकचे आवरण फाटून त्या बाहेर येऊ शकतात. सायकलस्वाराच्या जिवाशी संबंधित असलेल्या भागात अशी तडजोड सुचवली जाते, याचेच मला सर्वाधिक वाईट वाटले. त्यानंतर चवथ आली, दुकान बंद राहिले, आणि उघडल्यावरही रोज ‘फाल्यां येयात’ (उद्या या) हेच उत्तर मिळत राहिले.

शेवटी आऊटर आले. आतली वायर, आऊटर आणि वाकडी नळी अशा तिन्ही वस्तू मी एकदमच बदलून घेतल्या, कारण जुन्या आऊटरमध्ये नवी वायर घातली तर तीही लवकरच अडकू लागते. त्या दिवशी एका बोटाने लिव्हर दाबला गेला तेव्हा झालेला आनंद मी लपवणार नाही. ब्रेकची आतली वायर साधारण 1.6 मिलिमीटर जाडीची असते आणि गिअरची 1.2, म्हणून विकत घेताना ती पाहून घ्यावी.

आणखी एक राहिले: रबरात रुतलेले खडे आणि धातूचे कण सुईने काढावेत, नाहीतर ते अ‍ॅल्युमिनियमची रिम खरवडतात. रबर टायरला लागता कामा नये आणि रिमच्या खालीही उतरता कामा नये. रिमवर तेलाचा थेंबही पडू देऊ नये. पोलादी रिम असलेल्यांनी पावसात ब्रेक बराच आधी दाबावा. नवीन वायर बसवल्यानंतर पहिल्या काही दिवसांत ती थोडी सैल पडते. तेव्हा मात्र तोच गोल स्क्रू फिरवणे योग्य असते आणि ते घरीच करता येते.