भिजत घोंगडे आणि एक महिन्याची मुदत

2024 च्या फेब्रुवारीत म्युनिकमधल्या आमच्या घरातले वॉशिंग मशीन बंद पडले आणि नवे घेण्यासाठी मी एका मोठ्या ऑनलाइन दुकानाकडे वळले. जर्मनीत आधी माल घरी येतो आणि सोबतचे बिल मागाहून, बहुधा 14 दिवसांत, बँकेतून भरायचे असते, ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. मी तीच निवडली, तेव्हा पडद्यावर ओळ उमटली की ही सोय आपल्यासाठी सध्या उपलब्ध नाही. सात वर्षांची नोकरी, एकही थकलेले बिल नाही, आणि तरीही हा नकार का, हे जाणून घ्यावेसे वाटले. मशीन मी कार्डाने पैसे भरून घेतलेच, पण त्या एका ओळीमागे माझ्याविषयीची कोणती माहिती आहे, हा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

युरोपात या प्रश्नाचे उत्तर मागण्याचा हक्क आहे. मे 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या युरोपीय माहिती-संरक्षण कायद्याच्या कलम 15 नुसार कोणतीही व्यक्ती कंपनीला विचारू शकते की माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कुठून आली आणि कुणाला दिली. आणि तिची प्रतही मागू शकते. कारण सांगावे लागत नाही आणि पहिल्या प्रतीला पैसे पडत नाहीत. उत्तर एका महिन्याच्या आत द्यावे लागते. मी 4 मार्चला ईमेल पाठवला आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर 4 एप्रिलच्या चौकटीत लाल पेनाने गोल केला.

त्यानंतरच्या महिन्यात मला कुणीही ‘नाही’ म्हटले नाही, आणि यातली खरी मेख हीच आहे. पहिल्यांदा तक्रार क्रमांकासह यांत्रिक पोच आली. आठवड्याने कुणीतरी अत्यंत नम्रपणे विचारले की आपल्याला नेमकी कोणती माहिती हवी आहे. मी ‘सगळी’ असे लिहिले. पुढच्या आठवड्यात ओळख पटवण्यासाठी पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत मागवण्यात आली. मी उत्तर लिहीतच होते, तोवर ‘आपला प्रश्न सोडवण्यात आला आहे, आमच्या सेवेला किती तारे द्याल?’ असा संदेश येऊन थडकला. प्रत्येक पत्राला उत्तर देताना आपल्याला वाटत राहते की काम पुढे सरकते आहे. प्रत्यक्षात घोंगडे भिजतच पडलेले असते, आणि दर नव्या प्रश्नाबरोबर महिना पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचा असतो असा आपलाच समज होऊन बसतो.

तसे नसते. मुदत विनंती पोहोचल्यापासून मोजली जाते. अर्जदाराच्या ओळखीविषयी वाजवी शंका असेल तर कंपनी जादा माहिती मागू शकते आणि तेवढ्यापुरते घड्याळ थांबूही शकते, हे मान्य करायला हवे. परंतु ज्या पत्त्यावर हे दुकान मला गेली चार वर्षे बिले पाठवत होते, त्याच ईमेलवरून मी लिहिले होते. शिवाय भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आईवडिलांची नावे, जोडीदाराचे नाव आणि भारतातला पत्ता असतो. माझी माहिती मागण्यासाठी मी त्यांच्याजवळ नसलेली आणखी तीन माणसांची माहिती त्यांच्या हवाली करायची, हे मला पटेना. मी ग्राहक क्रमांक आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक व तारीख कळवली, आणि याहून अधिक का लागते ते लेखी सांगावे, अशी विनंती केली. तो विषय तिथेच संपला.

ईस्टरच्या सुट्टीनंतर, 2 एप्रिलला, म्हणजे मुदत संपायला दोन दिवस उरले असताना, पत्र आले की विनंतीच्या गुंतागुंतीमुळे आणखी दोन महिने लागतील. अशी वाढ कायद्यात आहे, आणि ती पहिल्या महिन्याच्या आतच सकारण कळवावी लागते. म्हणजे तारखेच्या हिशेबात ही मंडळी पक्की होती. एक खाते आणि चार वर्षांतल्या तीन खरेद्या यांत गुंतागुंत ती कसली, याचा मात्र पत्रात उल्लेख नव्हता.

माझे बाबा निवृत्तीनंतर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करण्यात तरबेज झाले होते. त्यांची एक सवय माझ्यात उतरली आहे: फोनवर काही बोलायचे नाही, आणि प्रत्येक कागदावर आधीच्या कागदाची तारीख लिहायची. तिकडे 10 रुपये भरून केलेल्या अर्जाला 30 दिवसांत उत्तर आले नाही तर तो नकार मानून अपील करता येते. इथे तशी अपिलाची पायरी नाही, पण देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. जर्मनीत ही प्राधिकरणे राज्यनिहाय आहेत आणि म्युनिक ज्यात येते त्या बव्हेरियात तर सरकारी कार्यालयांसाठी एक आणि खासगी कंपन्यांसाठी दुसरे अशी दोन आहेत. दुसरे आन्सबाख या छोट्या शहरात आहे.

5 एप्रिलला मी ग्राहकसेवेचा नाद सोडून थेट कंपनीच्या माहिती-संरक्षण अधिकाऱ्याला नोंदणीकृत टपालाने एका पानाचे पत्र पाठवले. त्यात तारखांची जंत्री होती, विशेषणे नव्हती, आणि युरोपीय न्यायालयाच्या 2023 मधल्या दोन निकालांचा उल्लेख होता. पहिला ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीविषयीचा: माहिती कुणाला दिली असे विचारल्यावर ‘आमचे व्यावसायिक भागीदार’ असे मोघम सांगून चालत नाही, शक्य असेल तर नावे द्यावी लागतात. दुसऱ्यानुसार ‘प्रत’ म्हणजे मूळ माहितीचे तंतोतंत आणि समजेल असे पुनरुत्पादन. 14 दिवसांत उत्तर न आल्यास आन्सबाखला लिहीन, असे शेवटी नमूद केले.

बाराव्या दिवशी दीड पानांची पीडीएफ आली: नाव, पत्ता, फोन, तीन खरेद्या. व्हिएन्नाच्या माक्स श्रेम्स या कायद्याच्या विद्यार्थ्याने 2011 साली फेसबुककडून स्वतःची माहिती मागवली तेव्हा त्याला 1,222 पाने मिळाली होती. माझे आयुष्य एवढे भरगच्च नाही हे कबूल, पण नकार देणाऱ्या यंत्रणेचा त्या दीड पानात मागमूसही नव्हता. अर्धे उत्तर हा टोलवाटोलवीचा सर्वांत मुरलेला प्रकार आहे, कारण बहुतेक जण इथे थकून थांबतात. मी आन्सबाखच्या संकेतस्थळावरचा तक्रार-अर्ज भरला.

जुलैत दुकानाकडून 11 पाने आली. नवव्या पानावर पतमापन करणाऱ्या एका संस्थेचे नाव होते आणि तिने कळवलेल्या दोन नोंदी होत्या. एकीत मी होते. दुसरीत माझ्याच पत्त्यावर, माझ्याच जन्मतारखेचा एक पुरुष राहत होता. माझ्या पासपोर्टवर पहिल्या नावापुढे नवऱ्याचे नाव आहे, आपल्याकडे असते तसे. कुठल्याशा संगणकाने ते माझेच दुसरे नाव समजून, नाव पुरुषी दिसते म्हणून, मागे ‘श्री’ लावून टाकले होते. या गृहस्थांचा कोणताही व्यवहार नसल्याने त्यांची पत शून्यवत होती. ओळखीविषयीच्या शंकेला थोडा आधार होता, हे तेव्हा लक्षात आले. ‘आमच्याकडे दोन नावे दिसतात’ एवढे एक वाक्य त्यांनी मार्चमध्ये लिहिले असते, तर चार महिने वाचले असते.

पुण्यातल्या धाकट्या भावाने हे ऐकून विचारले की आपल्याकडे असे करता येईल का. भारताच्या 2023 च्या माहिती-संरक्षण कायद्यात स्वतःच्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण त्यातला हा भाग लागू होण्यासाठी त्यानंतर 18 महिन्यांची वाट ठेवलेली आहे. तोवर त्याने निदान वर्षातून एकदा फुकट मिळणारा पत-अहवाल मागवून नावाच्या नोंदी तपासाव्यात, असे मी त्याला सांगितले.

मी पतमापन संस्थेला कलम 16 खाली दुरुस्तीची मागणी केली, आणि ही चुकीची नोंद आजवर कुणाकुणाला पाठवली तेही विचारले. 19 दिवसांत दोन्ही नोंदी एक झाल्याचे पत्र आले. लिफाफ्यावर मात्र पत्ता ‘श्री’ यांच्याच नावे होता.