पेरणीच्या आधी बाली

आमच्या दारव्ह्याकडे शेतकऱ्याच्या घराला सगळ्यांनी मिळून बाहेर पडायला सवड मिळते ती मे महिन्यातच. कापूस विकून झालेला असतो, तूर बाजार पाहून आलेली असते, नांगरट उरकलेली असते आणि मृगाला अजून अवकाश असतो. बालीत एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम आणि मे महिन्यात जुलै-ऑगस्टएवढी गर्दीही नसते. आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा तिथे तिशीच्या आसपास. आई-बाबांना एकदा थाटात फिरवायचं हे मनात होतंच, बालीने तारखांचा प्रश्नच मिटवला.

"एवढ्या पैशात दुसरी बोअर होते ना बापा," बाबा म्हणाले. आई मात्र दुसऱ्याच दिवशी पासपोर्टच्या फोटोला तयार होती.

नागपूरहून थेट विमान नाही, आधी मुंबई किंवा बंगळुरू गाठावं लागतं. व्हिसा उतरल्यावर मिळतो, ३० दिवसांचा, ५ लाख रुपियाला, म्हणजे इंडोनेशियाच्या चलनात. आकडा ऐकून दचकू नका, आपल्या एका रुपयाला दीडशेच्या वर रुपिया येतात. शिवाय २०२४ पासून प्रत्येक परदेशी पाहुण्याला दीड लाख रुपियाचा पर्यटन कर आहे, तो ऑनलाइन आधीच भरून ठेवावा.

मुक्कामाबाबत माझं मत ठाम आहे: रोज हॉटेल बदलण्यापेक्षा एकच उत्तम जागा घ्यावी आणि तिथे निवांत राहावं. समुद्रकाठच्या कुटा-सेमिन्याकच्या कोंडीत अर्धा दिवस गाडीतच जातो, म्हणून आम्ही बेटाच्या आतल्या भागातलं उबुद निवडलं, स्वतःचा पोहण्याचा तलाव असलेला व्हिला. बुक करण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: पायऱ्या किती? उबुदची पुष्कळ महागडी रिसॉर्ट्स आयुंग नदीच्या दरीत उतरत गेलेली आहेत आणि नाश्त्यालासुद्धा चढउतार करावी लागते. बाबांच्या गुडघ्यांसाठी आम्ही सपाटीवरचाच व्हिला मागितला. मेन्यूतल्या किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं दिसली, तर बिलात कर आणि सेवाशुल्क मिळून २१ टक्क्यांपर्यंत वाढ धरा. शाकाहाऱ्यांनी तेरासी नको, हे स्पष्ट सांगावं. ती कोळंबीची पेस्ट असते आणि भाजीच्या पदार्थाबरोबरच्या सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीतही पडते. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि शेंगदाण्याच्या रश्शातल्या भाज्यांचं गादो-गादो आईला फार आवडलं.

सकाळी व्हिलातली मुलगी दारात चनांग, म्हणजे देवाला वाहायचा नैवेद्य, ठेवायची: नारळाच्या कोवळ्या पानांची हातभर नव्हे, तळहाताएवढी द्रोणी, तिच्यात फुलं, भाताची शितं, वर उदबत्ती. आई तिच्याशेजारी मांडी घालून बसली आणि द्रोणी विणायला शिकली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण काही अडलं नाही.

बाबांचा दिवस मात्र जातिलुविहचा. डोंगरउतारावरची ही भातखाचरं आणि त्यांना पाणी पुरवणारी 'सुबक' नावाची व्यवस्था २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. सुबक म्हणजे एकाच पाण्यावर भिजणाऱ्या शेतकऱ्यांची संघटना. पेरणी कधी, पाणी कोणाला किती, हे सगळे मिळून ठरवतात आणि पाण्याचं देऊळही सगळ्यांचं. एका पाटात आडवं लाकूड होतं, त्याला खाचा. ज्याचा जेवढा वाटा, तेवढी रुंद खाच. बाबा उकिडवे बसले, एका खाचेत बोटं घातली, मग शेजारच्या खाचेत.

"रात्री कोनी खाच मोठी नाही करत काय?" त्यांनी विचारलं.

वाटाड्या हसला. म्हणाला, वाद झाला तर बैठकीत मिटतो, दंडही होतो. कालव्याच्या पाळीसाठी थंडीत रात्र रात्र जागलेल्या माणसाला हे उत्तर पुरेसं नव्हतं. बाबांनी दंड कोण ठरवतं, टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी कधी पोचतं, हेही विचारलं. दुपारचा मसाज आम्ही खुशाल रद्द केला.

तुम्ही आखणार असाल, तर जातिलुविहला पूर्ण दिवस द्या आणि परतीचं तिकीट मेअखेरचंच काढा. मृगाच्या आधी बियाणं-खतं घरात पडायला हवीत.